झोपेचं भाडं

नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात येणारं गिऱ्हाईक अमेरिकेच्या तिकिटाचं भाडं ऐकतं, तारखा लिहून घेतं, आणि उठता उठता दाराशी थांबून विचारतं, "आणि बिझनेसचं किती हो? नुसतं विचारतोय." हे "नुसतं विचारतोय" मी तीसहून अधिक वर्षं ऐकते आहे. विचारणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा असतो. मुलगा किंवा मुलगी तिकडे असते, पेन्शन बरी असते, एखादी एफडी पिकलेली असते. आकडा ऐकून तो "बापरे" म्हणतो आणि इकॉनॉमीचं तिकीट घेऊन जातो. सुरुवातीची कितीतरी वर्षं मला वाटायचं, याला भाडं विचारायचं होतं. पुढे समजलं की त्याला वेगळंच काही विचारायचं असतं: एवढे पैसे मी माझ्या स्वतःच्या अंगावर खर्च केले तर ते बरं दिसेल का?

1991 मध्ये मी फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत टिकिटिंगला लागले. तेव्हा तिकिटं हातानं लिहायची. पातळ कागदांची पुस्तिका, पाठीला लाल कार्बन. दुपारपर्यंत बोटांची टोकं लाल व्हायची. वर्गाच्या चौकटीत एकच अक्षर: पहिल्या वर्गाला एफ, बिझनेसला जे किंवा सी, इकॉनॉमीला वाय. एफ लिहिताना मी पेन जरा जपून चालवायचे, कारण त्या एका अक्षराची चूक माझ्या वर्षाच्या पगारातून भरून निघाली नसती. जून 2008 पासून कागदी तिकिटं जगभर संपली. अक्षरं मात्र अजून तीच आहेत, फक्त पडद्यावर दिसतात.

त्या काळात मी ठाण्याहून व्ही. टी.ला सेकंडच्या लेडीज डब्यातून जायचे. 1996 मध्ये मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी हट्टानं फर्स्टचा पास काढायला लावला. गाडी तीच, मोटरमन तोच, पोचायची वेळ तीच. फर्स्टमध्येही कित्येकदा उभंच राहावं लागायचं. पण पोटाला कुणाचं कोपर लागत नव्हतं. सातवा महिना संपेपर्यंत मी नोकरी केली ती त्या पासावर. बाळंतपणानंतर कामावर परत गेले तेव्हा पुन्हा सेकंडचा पास काढला आणि ते मला जराही जड गेलं नाही. गरज अंगाची होती, ती भागली. विमानाच्या वर्गांबद्दल पुढे मी जे काही शिकले त्याचं मूळ या एका पासात आहे, असं मला आज वाटतं. पण तेव्हा ते उमगलं नव्हतं.

तेव्हा मी वरच्या वर्गाकडे हावरेपणानं बघायचे. विमान कंपन्यांची चकचकीत पुस्तकं यायची, त्यातले पांढरे टेबलक्लॉथ आणि काचेचे पेले बघून वाटायचं, पैसे असते तर आपणही. ती संधी 2004 मध्ये आली. एजंट लोकांना पाऊण भाडं माफ असलेलं तिकीट मिळतं, धंद्यात त्याला एडी सेव्हन्टी-फाइव्ह म्हणतात. त्यावर आम्ही काही जणी लंडनला गेलो. जाताना बिझनेसमध्ये जागा शिल्लक होत्या म्हणून तिथे बसवलं. येताना विमान भरलेलं होतं, इकॉनॉमीत मधली सीट मिळाली. आठवड्याच्या आत त्याच कंपनीच्या विमानाचं पुढचं आणि मागचं टोक मी अंगावर घेऊन पाहिलं.

जाताना जेवण छान होतं, पण काय जेवले ते आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच की रात्री साडेतीनच्या सुमाराला मी बटण दाबलं, सीट हळूहळू सपाट झाली, पाठीचा मणका न् मणका गादीला टेकला आणि मी पाच तास झोपले. हीथ्रोला उतरले तेव्हा सकाळ होती आणि मी खरोखरच सकाळी उठले होते. येताना जेमतेम नऊ तासांत मानेला तीनदा झटका बसून जाग आली. घरी पोचल्यावर दोन दिवस डोकं जड होतं. मी तेव्हा पस्तिशीची. सत्तरीतल्या माणसाचं, तेही पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात, काय होत असेल हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला, आणि लाजेची गोष्ट अशी की तोपर्यंत तशा शेकडो लोकांची तिकिटं मी काढून दिली होती.

या जादा पैशांत काय येत नाही, ते आधी सांगते, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. हवा सगळ्यांना सारखीच. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा ठेवलेला असतो. पहिल्या रांगेतल्या माणसाची फुप्फुसंही त्याच डोंगरावर असतात. ओलावा वाळवंटासारखा कमी, बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्या आत. ज्याला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यानं डॉक्टरांना विचारायचं ते विचारायलाच हवं, वर्ग कुठलाही असो. आणि पायात रक्ताची गुठळी होण्याच्या विकाराला लोकांनी इकॉनॉमीचं नाव चिकटवलं आहे, तेही बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं होतं, तरी तो सहा हजारांत एक एवढाच निघाला. आणि तो येतो हालचाल न केल्यानं. खिडकीशी बसून शेजाऱ्याला उठवायचा संकोच करणाऱ्याला तो जास्त, आणि मऊ पलंगावर आठ तास निपचित पडलेल्यालाही तो आहेच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, दर दोन तासांनी उठा, पाणी प्या. व्हीलचेअरलाही बिझनेसचं तिकीट लागत नाही. ती कुठल्याही वर्गाला फुकट मिळते, फक्त तिकिटात आधी टाकावी लागते.

उरतं काय? आडवं होणं. माझ्या मते लांबच्या प्रवासात पैसे देण्याजोगी तीच एक गोष्ट आहे. म्हणून दुबईच्या तीन तासांसाठी किंवा दिल्लीच्या दोन तासांसाठी कुणी स्वतःच्या खिशातून बिझनेस घेतो म्हणाला तर मी त्याला थांबवते. प्रीमियम इकॉनॉमी उंच माणसाच्या गुडघ्यांना बरी, पण तिथेही माणूस बसलेलाच राहतो.

आणि पहिला वर्ग? मी धंद्यात आले तेव्हा त्याचा रुबाब होता. पण तेव्हा पहिल्या वर्गातली सीटसुद्धा पूर्ण सपाट होत नसे. सपाट पलंग तिथे आला 1995-96 च्या सुमाराला, आणि ब्रिटिश एअरवेजनं 2000 मध्ये तो बिझनेसमध्ये आणला. इतर कंपन्यांना मागोमाग जावंच लागलं. बिझनेसमध्ये पलंग आला आणि पहिल्या वर्गाचा पाया ढासळला, कारण आडवं होण्यापलीकडे आणखी काय देणार? 2007 मध्ये जेट एअरवेजनं आपल्या मोठ्या 777 विमानांत दारं असलेल्या आठ खोल्या केल्या, सिंगापूर एअरलाइन्सनं ए-380 मध्ये स्वीट आणले, पुढच्या वर्षी एमिरेट्सनं विमानात शॉवर बसवला. हे सगळं देखणं आहे. पण कितीतरी कंपन्यांनी पहिला वर्ग काढूनच टाकला तो उगाच नाही. बिझनेसच्या वर आणखी पैसे टाकून पहिल्या वर्गानं जा, असा सल्ला मी आजवर एकालाही दिलेला नाही.

एका गृहस्थांनी मात्र माझं ऐकलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. कारखान्यात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पत्नी गेलेली. मुलाकडे लंडनला निघाले होते. "मला एकदा, एकाच बाजूनं, पहिल्या वर्गानं जायचंय," म्हणाले. मी बिझनेसचं गणित मांडलं, पलंग तोच कसा तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चेकबुक काढलं. दोन महिन्यांनी परत आले तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं मेनूकार्ड दाखवायला मुद्दाम ऑफिसात आले. मी विचारलं, "झोप लागली का छान?" ते म्हणाले, "झोपलोच नाही. झोपलो असतो तर संपलं असतं ना!" रात्रभर ते खिडकीतून अंधार बघत, चहा घेत, सीट खालीवर करत जागे राहिले होते. मी त्यांना झोप विकायला निघाले होते. त्यांनी नऊ तासांचं जागेपण घेतलं आणि ते त्यांना हवं तेवढं भरून मिळालं. त्यानंतर मी हिशोब मांडण्याआधी विचारायला शिकले: तुम्हाला त्यातून काय हवंय?

पण ज्या प्रसंगानं माझी काम करायची पद्धत बदलली तो वेगळा.

डोंबिवलीच्या एक बाई, सत्तरीच्या, शाळेत शिक्षिका होत्या. मुलगा शिकागोला. त्यानं आईसाठी आखातातून जाणारं बिझनेसचं तिकीट काढायला सांगितलं, पैसे तिकडून पाठवले. मी तिकीट काढलं, व्हीलचेअर टाकली, आणि बिझनेसमध्ये काय, सगळं विचारून देतात, म्हणून शाकाहारी जेवणाची नोंद करायचं सोडून दिलं. चार महिन्यांनी त्या परतल्या आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. प्रवासाचं विचारलं तर "छान झाला" म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, "पाय मात्र फार सुजले हो." मला नवल वाटलं. झोपूनही पाय सुजले? तेव्हा हळूहळू कळलं. त्या दुबईपर्यंत तीन तास आणि तिथून पुढे चौदा-पंधरा तास ताठ बसून गेल्या होत्या. सीट सपाट होते हे त्यांनी बघितलं होतं, पलीकडचा माणूस गादी घालून झोपलेला दिसत होता. "मला वाटलं, झोपायचे पैसे वेगळे असतील," त्या म्हणाल्या. "मुलानं आधीच एवढे घातलेत, आणखी कशाला."

मेनूकार्ड आलं होतं. त्यातलं शाकाहारी कुठलं हे कळेना, विचारायचा संकोच वाटला, म्हणून चहा आणि ब्रेड घेतला. शेजारी कुणी नव्हतं, कारण त्या वर्गात दोन सीटांमध्ये भिंत असते. इकॉनॉमीत शेजारच्या कुणा गुजराती बाईंनी त्यांना सगळं सांगितलं असतं. आठ वर्षं पाचवीच्या वर्गाला भूगोल शिकवलेली बाई, अटलांटिक ओलांडताना तीन लाखांच्या पलंगावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. दोष त्यांचा नव्हता. मी पैसे घेतले होते आणि वापरायचं कसं ते सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी चित्र काढून द्यायला लागले. साध्या वहीच्या कागदावर सीटचा हात काढते, त्यावर तीन बटणं. पहिल्यावर माणूस ताठ बसलेला, विमान उडताना आणि उतरताना हे. दुसऱ्यावर मागे रेललेला. तिसऱ्यावर आडवा. खाली लिहिते: "तिसरं बटण दाबून धरा, सीट थांबेपर्यंत सोडू नका. पाय पुढच्या खोबणीत जातात, घाबरू नका. गादी मागा. सगळ्याचे पैसे दिलेले आहेत." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढते. विमानानुसार बटणं थोडी इकडेतिकडे असतात, म्हणून आधी सीटचा नकाशा बघून घेते. जेवणाचं न विसरता टाकते. जैनांचं व्हीजेएमएल, आपलं शाकाहारी एव्हीएमएल, ही अक्षरं आता माझ्या मुलीलाही पाठ आहेत.

याच्या उलटी चूकही मी केली आहे, आणि ती जास्त बोचते. एक गृहस्थ, एकाहत्तर वर्षांचे. एका गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेले, दुसरा गुडघाही कुरकुरत होता. मुंबई-नेवार्क विनाथांबा, साडेपंधरा तासांच्या आसपास. त्यांनीच विचारलं, जाताना एकट्यापुरतं बिझनेस केलं तर? फरक एक लाख पंधरा हजारांचा होता. मी म्हटलं, "कशाला काका? आयल देते, व्हीलचेअर देते, आरामात जाल." त्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला, कारण त्यांच्या मनातला काटकसरी माणूस जे म्हणत होता तेच मी मोठ्यानं म्हटलं होतं. लोकांना वाटतं एजंट महाग तिकीट गळ्यात मारतो. मला तेव्हा तसं करायचं कारणही नव्हतं. एके काळी भाड्यावर नऊ टक्के असलेलं कमिशन उतरत उतरत शून्यावर आलं होतं, आम्ही ठरावीक फी घेतो. पैसे वाचवून देणारी बाई म्हणून माझं नाव होतं आणि ते मला आवडत होतं, एवढंच.

काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी बँकेत भेटल्या. तिकडे पोचल्यावर काकांचा गुडघा सरळच होईना. मुलीच्या घरी झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. चार दिवस ते खाली सोफ्यावर झोपले. नातवंडं बघायला गेले आणि पहिला आठवडा बर्फाच्या पिशव्यांत गेला. बाईंनी मला दोष दिला नाही, सहज सांगितलं. मी घरी येऊन तो फरक तासांनी भागला: तासाला साधारण साडेसात हजार. इकॉनॉमी आणि बिझनेसचा आकडा शेजारी शेजारी ठेवला की छाती दडपते. पण ज्याचा पाय दुमडून राहत नाही त्याला त्यातला एकेक तास केवढ्याचा पडतो हे माझ्या काउंटरवरून मला दिसायचं नाही. तेव्हापासून मी गुडघे, कंबर, मान, रात्री किती वेळा उठावं लागतं, सगळं स्पष्ट विचारते. काही जणांना आवडत नाही.

आई-वडील दोघं असले की प्रश्न आणखी अवघड होतो. एका जोडप्यानं एक तिकीट पुढचं आणि एक मागचं घेतलं, काकांच्या कमरेसाठी. काका रात्रभर दर तासाला उठून मागे येऊन काकूंच्या सीटपाशी उभे राहिले. पुन्हा असं करणार नाही, असं दोघंही सांगून गेले. तेव्हापासून मी सुचवते की दोघंही एकाच बाजूनं वर जा आणि दुसऱ्या बाजूनं खाली. बऱ्याच कंपन्या असं अर्धं-अर्धं तिकीट देतात. कुठली बाजू? जी आई मुलीच्या बाळंतपणाला निघाली आहे तिनं जाताना, असं माझं ठाम मत आहे. रात्री नऊला ठाण्याहून निघायचं, विमान उडतं दोन-अडीचला, आणि तिकडे उतरल्यावर तिची वाट बघत असतं काम.

पैशाच्या बाजूनं काही गोष्टी सांगायला हव्यात. एकाच बिझनेसच्या केबिनमध्ये जे, सी, डी, झेड अशा अक्षरांची वेगवेगळी भाडी असतात. पलंग तोच, बदलाचे आणि रिफंडचे नियम वेगळे. तीन-चार महिने आधी विचारलंत तर स्वस्तातलं अक्षर मिळायची शक्यता असते. जीएसटी इकॉनॉमीला पाच टक्के; वरच्या वर्गांना बारा होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून अठरा झाला. कंपनीला त्याची वजावट मिळते, घरच्या माणसाला नाही, म्हणून ऑफिसच्या खर्चानं जाणाऱ्या मित्राचा सल्ला जपून घ्यावा. आणि विमान बदलतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं सपाट पलंगाचे पैसे भरले आणि ऐनवेळी जुनं विमान आलं, तिरपी सीट. रात्रभर ते खाली घसरत होते. वर्ग तोच, म्हणून भरपाई काही नाही. वर्गच खाली आणला तर गोष्ट वेगळी: फेब्रुवारी 2023 पासून आपल्याकडे नियम आहे, साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात तिकिटाच्या पंचाहत्तर टक्के रक्कम कंपनीनं परत द्यायची. हे विमानतळावर कुणी आपणहून सांगत नाही.

कधी कधी वर्गाचा प्रश्नच उरत नाही. एकदा रात्री अकराला फोन आला. मुलगा ठाण्यात, वडील टोरांटोला भावाकडे, अत्यवस्थ. इकॉनॉमी कुठेच नव्हती, दोन दिवस पूर्ण भरलेली. बिझनेसमध्ये एक जागा होती. "घ्या," तो म्हणाला, भाडं विचारलंच नाही. नंतर म्हणाला, गादी घातलीच नाही, समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान बघत बसलो. वडील त्याला भेटले.

आणि स्ट्रेचर. चार-पाच वेळा मी तेही काम केलं आहे. डॉक्टरांचा मेडिफ फॉर्म, कंपनीच्या डॉक्टरांची मंजुरी, बरोबर जाणारा माणूस. विमानात मागच्या बाजूला इकॉनॉमीच्या काही सीटांच्या पाठी पाडून त्यावर स्ट्रेचर बांधतात आणि भोवती पडदा लावतात. सहा-सहा, नऊ-नऊ सीटांचं भाडं पडतं. ज्याला आडवं होण्याची सगळ्यात जास्त गरज, तो पुढच्या पलंगांपाशी नसतो, सगळ्यात मागे असतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बराच वेळ सीटचा नकाशा बघत बसले होते.

आता माझ्या आईबद्दल.

2016 मध्ये ती पहिल्यांदा धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला निघाली, चौऱ्याहत्तर वर्षांची. मी म्हटलं, जाताना तरी बिझनेस करू. "मला काय धाड भरलीय? सगळे बसून जातात तशी जाईन." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं, त्या वर्षी मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. ती गेली, परत आली, कुरकुर नाही. पण पोचल्यावर पहिला आठवडा ती दिवसा डुलक्या काढत बसायची, असं वहिनी म्हणाली.

2019 मध्ये मी तिला न विचारता जायचं तिकीट बिझनेसचं काढलं. किती पडले, विचारल्यावर खोटं बोलले: "आम्हाला एजंटच्या भावात मिळतं गं." बटणांचं चित्र काढून दिलं, ते तिनं चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलं. नेवार्कहून फोन आला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ होती. तिनं भाऊ आला होता का, सामान आलं का, काही सांगितलं नाही. म्हणाली, "झोपले गं. पाय लांब करून झोपले."

भावानं तिला खरी किंमत सांगितलीच. परत आल्यावर तिनं माझ्यासमोर पासबुक ठेवलं. "पुढच्या वेळचं माझ्या पैशानं. पण तेच तिकीट." तिनं मे 2020 चं तिकीट स्वतःच्या खात्यातून काढलं, जायचं आणि यायचं दोन्ही बिझनेसचं. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. कंपनीकडून पैसे परत यायला अकरा महिने लागले, आणि तोवर तिच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला होता.

ते पैसे तिनं तसेच ठेवले होते. मागच्या वर्षी भाऊ फोनवर बोलता बोलता म्हणाला, कंबर फार धरते हल्ली, एवढा वेळ बसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षा करून माझ्या ऑफिसात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "त्याचं येतानाचं तिकीट बदल." त्रेपन्न वर्षांचा माणूस, तिकडे चांगल्या नोकरीत. मी म्हटलं, "आई, तो स्वतः काढेल की." "तो नाही काढणार. तूही माझं काढलं नव्हतंस." तिनं चेकवर सही केली. मग चष्म्याच्या डबीतून तो चुरगळलेला कागद काढला आणि, याचा फोटो काढून त्याला पाठव, म्हणाली.

रात्री एक वाजता सहार विमानतळावर ती गाडीतून उतरली नाही, मीच आत जाऊन त्याला घेऊन आले. त्यानं दार उघडून वाकून तिच्या पायाला हात लावला, आणि तिनं त्याच्या खांद्याला धरून विचारलं, "झोपलास का रे?"